किल्ले धारूर : एक नाव की दोन शब्द?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरावर धारूर हे तालुक्याचे गाव आहे. गावाला जुना किल्ला आहे आणि तो गावाच्या नावातही येऊन बसला आहे. लोक ‘किल्ले धारूर’ असे म्हणतात. १६३१ मध्ये शाहजहानच्या सैन्याने हा किल्ला घेतला. मोगलांच्या काळात गावाला फतेहाबाद असेही नाव होते. आज लिहिताना कोणी नुसते ‘धारूर’ लिहितो, कोणी ‘किल्ले धारूर’, तर कोणी ‘किल्लेधारूर’. शेवटच्या दोन रूपांत फरक आहे तो फक्त एका मोकळ्या जागेचा. टपाल वाटणाऱ्याला, वर्गातल्या मुलांना, बाजारात भेटणाऱ्या पाहुण्याला हा फरक जाणवतही नाही.

संगणकाला मात्र तो जाणवतो, आणि कधी कधी फार महाग पडतो. या लेखात आम्ही त्या मोकळ्या जागेचा इतिहास सांगणार आहोत. संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या लेखी याद्या असतात, त्यांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. अनेक सुट्या फाइलींमधून एखादा पूर्ण प्रोग्राम किंवा एखादे पुस्तक जुळवून तयार करणारी यादी ही ‘बांधणीची स्क्रिप्ट’ होय. अशा स्क्रिप्टमध्ये नावे अवतरणचिन्हांत का घालावी लागतात, हा प्रश्न वरवर पाहता अगदी तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या देवनागरी अक्षरांपर्यंत येतो.

शब्द कोण तोडतो?

शब्दांमध्ये जागा सोडून लिहिण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असे वाटते. तसे नाही. मोडी लिपीतला एखादा जुना कागद पाहा. लिहिणारा आधी पानभर डोईवरची आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत जाई. शब्द कोठे संपला हे दाखवण्यासाठी जागा सोडलेली नसे, विरामचिन्हे नसत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा बराचसा कारभार या लिपीत चालला.

मग वाचणारा शब्द कसे तोडत असे? अर्थावरून. समजा, एका ओळीत ‘दोनशेतेविकली’ असे लिहिले आहे. डोळा आधी ‘दोनशे’ या शब्दावर थांबतो. पुढचे ‘ते विकली’ जुळत नाही, म्हणून तो मागे फिरतो आणि ‘दोन शेते विकली’ असे वाचतो. कारकुनाला जमिनीचे व्यवहार ठाऊक असत, मराठी भाषा ठाऊक असे, म्हणून लिहिताना राहिलेली जागा तो मनाने भरून काढी.

केवळ अर्थावर विसंबणे धोक्याचे आहे, हेही आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. ऋग्वेदाचा संहितापाठ सलग म्हटला जातो. त्यात शब्द एकमेकांत मिसळतात. शाकल्याने त्याचा पदपाठ केला, म्हणजे प्रत्येक पद सुटे करून ठेवले. पाठ करणाऱ्याने पद कोठे तोडायचे याचा अंदाज करायचा नाही, ते ठरलेलेच असेल, ही त्यामागची व्यवस्था. पुढे छापखान्याबरोबर मराठीत शब्दांमधली मोकळी जागा रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत आणली; त्यांत अवतरणचिन्हेही होती.

वाचणारा समजदार असेल तर खुणा कमी चालतात. त्याला अर्थ कळत नसेल तर प्रत्येक सीमा खुणेने दाखवावी लागते. आता अर्थ मुळीच न कळणाऱ्या वाचकाकडे वळू.

शेलचा जन्म

१९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लुई पुझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने एक सोय केली. तेच ते हुकूम पुन्हा पुन्हा टंकित करण्याऐवजी ते एका फाइलीत लिहून ठेवायचे आणि संगणकाने ती फाइल ओळीने वाचून कामे करायची. हुकूम वाचणाऱ्या प्रोग्रामला पुझँने ‘शेल’ असे नाव दिले. शेल म्हणजे कवच. आत यंत्रणेचा गाभा, बाहेर माणूस आणि मध्ये हे कवच, अशी ती कल्पना.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स ही प्रणाली जन्माला आली. केन थॉम्प्सन यांनी तिच्यासाठी लिहिलेला शेल १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत आढळतो. त्याचा नियम साधा होता. ओळीतला पहिला शब्द म्हणजे करावयाचे काम, पुढचे शब्द म्हणजे ते कशावर करायचे त्या वस्तू, आणि शब्द वेगळे करणारी खूण म्हणजे मोकळी जागा. टंकलेखन यंत्रासारख्या उपकरणावर बसून एकेक ओळ लिहिणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीचे काय असणार?

पुढे १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. आजही जगभरच्या स्क्रिप्ट ज्या नियमांनी चालतात, ते मुख्यतः या शेलचे नियम आहेत. बोर्न यांच्या शेलमध्ये चलांना पूर्ण नावे देता येत. चल म्हणजे बीजगणितातल्या ‘क्ष’सारखे, किंमत धारण करणारे नाव. किंमत हवी असेल तेथे नावाआधी डॉलरचे चिन्ह लावायचे.

उदाहरण घेऊ. खऱ्या यंत्रावर हुकूम आणि चलांची नावे रोमन अक्षरांत लिहावी लागतात. येथे समजण्यासाठी आपण ती मराठीत लिहू. समजा, गाव या चलात ‘किल्ले धारूर’ हे नाव ठेवले आहे आणि स्क्रिप्टमध्ये ओळ आहे :

पूस $गाव

‘पूस’ हा हुकूम दिलेल्या नावाचे फोल्डर आतल्या सर्व मजकुरासह पुसतो, असे धरू. शेल ही ओळ क्रमाने वाचतो. प्रथम तो ओळीचे शब्द पाडतो : ‘पूस’ आणि ‘$गाव’, असे दोन. मग $गाव च्या जागी तो चलाची किंमत घालतो. यानंतर तो अशी गोष्ट करतो की नवशिक्याला तिची कल्पनाही येत नाही. नुकतीच घातलेली किंमत तो पुन्हा तपासतो, तिच्यात मोकळी जागा सापडली तर तेथे तिचे तुकडे करतो, आणि त्या तुकड्यांत तारकेसारखे चिन्ह असेल तर त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरतो. म्हणून ‘पूस’ला मिळतात दोन वस्तू : ‘किल्ले’ आणि ‘धारूर’.

आता समजा, त्या संगणकावर ‘किल्ले’ नावाचे एक फोल्डर आहे आणि त्यात मराठवाड्यातल्या सर्व किल्ल्यांची वर्षानुवर्षे जमवलेली छायाचित्रे आहेत. ती सगळी जातील. ‘धारूर’ नावाचे फोल्डर असेल तर तेही जाईल. जे ‘किल्ले धारूर’ पुसायचे होते, ते मात्र जागच्या जागी राहील.

असा नियम का केला?

असा नियम कोणी शहाणा माणूस का करील, असे वाटणे साहजिक आहे. त्यालाही कारण होते. बोर्न यांच्या शेलमध्ये चलाची किंमत म्हणजे केवळ अक्षरांची एक माळ. यादी ठेवण्याची वेगळी सोय नव्हती. पण बांधणीच्या कामात तर याद्याच लागतात : या दहा फाइली जुळव, त्या पाच वगळ. मोकळ्या जागेवर किंमत तोडण्याच्या नियमामुळे एकाच चलात अनेक नावे एकापुढे एक ठेवता येत आणि वापरताना ती आपोआप सुटी होत. तो नियम ही सोय होती.

शिवाय त्या काळच्या युनिक्समध्ये फाइलीचे नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचे असे. इतक्या आखूड नावात कोणी मोकळी जागा सहसा ठेवत नसे. मोकळी जागा असलेली नावे रूढ झाली ती दुसऱ्या बाजूने. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, १९९५ मध्ये विंडोज ९५ आले. तेथे लोक चित्रांवर बोट ठेवून काम करत. हुकूम लिहीतच नसत. त्यांना ‘माझी पत्रे’ किंवा ‘किल्ले धारूर’ असे नाव देण्यात काहीच अडचण नव्हती.

हे दोन प्रवाह २००१ मध्ये एकत्र आले. त्या वर्षी ॲपलने मॅक ओएस टेन ही प्रणाली बाजारात आणली. तिचा दर्शनी भाग मॅकिंटॉशचा होता आणि आत युनिक्स होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयट्यून्स या संगीताच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती निघाली. ती बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत पुसण्याची एक ओळ होती आणि त्या ओळीतल्या चलाला अवतरणचिन्हे नव्हती. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, अशा काही लोकांच्या संगणकावर त्या ओळीने जुन्या प्रतीऐवजी डिस्कचा आख्खा विभाग पुसला. ॲपलने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन सुधारलेली आवृत्ती दिली. पण ज्यांची पत्रे, हिशेब, छायाचित्रे गेली, त्यांची ती गेलीच.

तीन खुणा

बोर्न यांच्या शेलमध्ये या संकटावर उपाय पहिल्यापासून होता. त्याच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण एकेरी अवतरणचिन्हाची. ‘ ’ यांच्यामधला मजकूर शेल जसाच्या तसा घेतो. त्यात $गाव लिहिले तर डॉलरचे चिन्ह आणि ‘गाव’ ही अक्षरेच मिळतील, किंमत मिळणार नाही.

दुसरी खूण दुहेरी अवतरणचिन्हाची. “$गाव” असे लिहिले तर किंमत घातली जाते, पण ती पुन्हा तपासली जात नाही. तिचे तुकडे पडत नाहीत, तारका फुलत नाही. ‘पूस’ला ‘किल्ले धारूर’ ही एकच वस्तू मिळते. बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेक ठिकाणी हीच खूण हवी असते.

तिसरी खूण उलट्या तिरक्या रेघेची ( \ ). ती आपल्या लगेच पुढच्या एकाच चिन्हाचे विशेष सामर्थ्य काढून घेते. \$ म्हणजे नुसता डॉलर.

शिक्षकांच्या ध्यानात येईल की, शाळेत आपण अवतरणचिन्हे शिकवतो ती वेगळ्या रीतीने. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी चिन्ह आणि एखाद्या शब्दाकडे लक्ष वेधताना एकेरी, असा आपला नियम. शेलमध्ये जसेच्या तसे राखण्याचे काम एकेरी चिन्ह अधिक कडकपणे करते. यंत्रावर टंकित करताना ही चिन्हे सरळ, उभी असतात. छापील मजकुरातली वळणदार चिन्हे शेल ओळखत नाही. एखाद्या छापील पानावरून स्क्रिप्ट उचलून वापरली तर ती अडते, त्याचे हे एक नेहमीचे कारण.

एकेरी चिन्हाच्या मुळाशी जो भेद आहे, तो आपल्या व्याकरणकारांना नीट ठाऊक होता. ‘धारूर डोंगरावर वसले आहे’ आणि ‘धारूर तीन अक्षरी आहे’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात धारूर म्हणजे गाव. दुसऱ्यात धारूर म्हणजे तो शब्दच. गाव काही तीन अक्षरी नसते. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ६८ व्या सूत्रात पाणिनीने याचा नियम घातला आहे : त्याच्या शास्त्रात शब्द आला की तो स्वतःचे रूप दाखवतो, आपला अर्थ नव्हे, अपवाद फक्त शास्त्रातल्या पारिभाषिक संज्ञांचा. व्यवहारातल्या संस्कृतात शब्दाचे रूप दाखवायचे तर त्यापुढे ‘इति’ लावतात. म्हणजे बोलण्यात अर्थ हा नेहमीचा आणि रूपाला खूण हवी. पाणिनीच्या शास्त्रात रूप हे नेहमीचे आणि अर्थाला खूण हवी. शेलही असाच आहे. त्याच्या दृष्टीने गाव म्हणजे ‘गाव’ ही अक्षरे. किंमत हवी असेल तर डॉलरची खूण लागते.

एका चिठ्ठीचे दोन वाचक

बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक गुंता असतो. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला. कोणती वस्तू कशापासून आणि कशी बनते, याची कृती एका फाइलीत लिहायची. मग एखादी फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच वस्तू मेक नव्याने बनवतो. पाककृतीसारखीच ही रचना. २००३ मध्ये फेल्डमन यांना या कामासाठी असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरीचा पुरस्कार मिळाला.

या कृतीचे वाचक दोन असतात. आधी मेक वाचतो, मग उरलेला मजकूर तो शेलच्या हाती देतो. डॉलरचे चिन्ह दोघांनाही विशेष आहे. कृतीत $गाव लिहिले तर मेक डॉलरपुढचे पहिले अक्षर तेवढेच नाव समजतो, त्याची किंमत शोधतो आणि शेलला भलतेच काही मिळते. डॉलर शेलपर्यंत पोचवायचा असेल तर तो दोनदा लिहावा लागतो : $$गाव. मेक त्यातला एक काढून घेतो, दुसरा शेलसाठी राहतो. पाकिटात पाकीट घालून पाठवावे तसे हे आहे. वाटेत जितके हात, तितकी पाकिटे. प्रत्येक जण आपले पाकीट फोडतो. म्हणून अशा ठिकाणी कोणते चिन्ह कोणासाठी आहे, हे आधी कागदावर लिहून पाहावे.

मेकच्या कृतीतली प्रत्येक ओळ ‘टॅब’ या अदृश्य चिन्हाने सुरू करावी लागते. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांना लवकरच कळले. पण तोवर सुमारे बारा लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. बारा लोकांसाठी राखलेला तो नियम पुढे जगभरच्या प्रोग्रामरांना पाळावा लागला. मोकळ्या जागेवर तोडण्याच्या नियमाचेही असेच झाले. १९९२ मध्ये पॉझिक्स या मानकाने शेलच्या भाषेचे नियम लिखित केले, तेव्हा तो नियमही त्यात आला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ हा शेलही तोच नियम पाळतो.

वेगळे मार्ग कोणी सुचवले नाहीत असे नाही. बेल प्रयोगशाळेतील टॉम डफ यांनी ‘आरसी’ नावाचा शेल लिहिला. त्यात चलाची किंमत ही यादीच असते आणि एकदा घातलेली किंमत पुन्हा तपासली जात नाही. १९९० मध्ये पॉल फॉलस्टॅड यांनी ‘झेड शेल’ लिहिला. तोही न सांगता किंमत तोडत नाही. दोन्ही विचार चांगले होते. पण तोवर जुन्या नियमावर विसंबलेल्या स्क्रिप्टचा इतका साठा झाला होता की जुना नियम मोडणे शक्य नव्हते.

आठवा बिट आणि ‘ध’

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. संगणकातले अक्षर म्हणजे एक संख्या. अमेरिकन मानकात, म्हणजे ॲस्कीत, ० ते १२७ अशा १२८ संख्या होत्या. त्यांना सात बिट पुरतात. बाइट आठ बिटांचा. म्हणजे एक बिट रिकामा राहिला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतल्या (१९७५) थॉम्प्सन यांच्या शेलने आणि सातव्या आवृत्तीतल्या बोर्न यांच्या शेलने त्याचा हुशारीने उपयोग केला. अवतरणात असलेल्या अक्षराचा आठवा बिट चालू करायचा, म्हणजे त्याच्या संख्येत १२८ मिळवायचे. मोकळ्या जागेची संख्या ३२. अवतरणातली मोकळी जागा १६०. डॉलर ३६, अवतरणातला डॉलर १६४. शेल ३२ आणि ३६ या संख्या शोधत असल्यामुळे १६० आणि १६४ यांना हात लावत नसे. सगळे तुकडे पाडून झाले की शेवटी १२८ वजा करून अक्षरे पूर्ववत केली जात. थोड्या जागेत केलेली ही सुंदर युक्ती होती.

पण ती युक्ती एका गृहीतावर उभी होती : आठव्या बिटाची आणखी कोणाला गरज नाही. फ्रेंच, जर्मन यांतील खुणांच्या अक्षरांनाही तो बिट लागतो. भारतीय भाषांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक (आयएस १३१९४) झाले, तेव्हा आपली अक्षरे १२७ च्या पुढच्या संख्यांतच ठेवली गेली. म्हणजे जी जागा त्या जुन्या शेलने ‘हे अवतरणात आहे’ या खुणेसाठी वापरली होती, नेमकी तिथेच आपली लिपी राहायला आली. त्या शेलच्या हाती असा मराठी मजकूर पडता, तर त्याने प्रत्येक अक्षर अवतरणात आहे असे समजून शेवटी त्यातले १२८ वजा केले असते.

आजच्या युटीएफ-८ या पद्धतीने हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर्गातही करता येईल. ‘धारूर’ मधला ‘ध’ युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांनी लिहितात : २२४, १६४, १६७. प्रत्येकातून १२८ वजा करा. उरतात ९६, ३६ आणि ३९. ॲस्कीत ९६ म्हणजे उलटे अवतरणचिन्ह, ३६ म्हणजे डॉलर आणि ३९ म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. हे उलटे चिन्ह शेलमध्ये ‘आतला हुकूम चालव आणि त्याचे उत्तर येथे घाल’ असे सांगते. आठवा बिट कापला की ‘ध’ या एका अक्षरातून शेलची तीन विशेष चिन्हे बाहेर पडतात! मराठीतल्या प्रत्येक मूळ व्यंजनाचे पहिले दोन बाइट २२४ आणि १६४ असेच आहेत. म्हणून पहिली दोन चिन्हे ‘क’पासून ‘ळ’पर्यंत सर्वांतून निघतील. अर्थात १९७९ मध्ये युटीएफ-८ नव्हते. हा आजच्या माहितीने केलेला प्रयोग आहे.

शेलच्या पुढच्या आवृत्त्यांनी अवतरणाची खूण अक्षराच्या बाहेर वेगळी ठेवायला सुरुवात केली आणि आठवा बिट अक्षरांसाठी मोकळा झाला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात दोघा जणांनी टेबलावरच्या कागदावर युटीएफ-८ ची मांडणी केली. त्यांतले एक रॉब पाइक आणि दुसरे केन थॉम्प्सन. ज्यांच्या शेलने एकेकाळी आठवा बिट अवतरणाच्या खुणेसाठी वापरला होता, त्यांनीच आता तो जगातल्या साऱ्या लिप्यांना दिला. युटीएफ-८ मध्ये ॲस्कीबाहेरच्या कोणत्याही अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा असतो. त्यामुळे मोकळी जागा, डॉलर किंवा अवतरणचिन्ह यांचा बाइट मराठी अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही.

‘किल्ले धारूर’ हे नाव युटीएफ-८ मध्ये ३४ बाइटांचे होते. त्यांतल्या ३३ बाइटांना आजचा शेल निमूटपणे वाट देतो. उरलेला एक बाइट, ३२ या संख्येचा, मधल्या मोकळ्या जागेचा आहे. अवतरणचिन्हे लागतात ती त्याच्यासाठी.

अवतरणचिन्हे पुरेशी आहेत का?

फार वेळा हो, पण नेहमी नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीम’ या खेळांच्या प्रोग्रामच्या लिनक्सवरील स्क्रिप्टने काही जणांच्या संगणकावरच्या सगळ्या फाइली पुसल्या. तेथे चल अवतरणचिन्हांत होते, पण त्याची किंमत रिकामी होती. ‘या फोल्डरातले सगळे पूस’ या वाक्यातून फोल्डरचे नाव गळले आणि ‘सगळे पूस’ एवढेच उरले. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक!’ अशा अर्थाची टीप स्वतःच लिहून ठेवली होती. टीप यंत्र वाचत नाही. किंमत रिकामी असल्यास थांबावे, अशी एक ओळ तेथे हवी होती.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही चार सवयी सुचवतो. चलाची किंमत वापरताना ती दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी. न घालण्याचे कारण सांगता येत असेल तरच सोडावी. स्क्रिप्टला मिळालेली सर्व नावे पुढे द्यायची असतील तेव्हा “$@” ही खूण वापरावी, कारण ती प्रत्येक नाव वेगवेगळे आणि अखंड ठेवते. पुसण्याच्या ओळीआधी चल रिकामे नाही हे तपासावे. आणि ‘पूस’ लिहिण्याआधी त्याच जागी ‘दाखव’ लिहून, यंत्राला नक्की काय ऐकू आले ते पाहावे.

वर्गासाठी एक प्रयोग

हा विषय शिकवायला संगणक असलाच पाहिजे असे नाही. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. फळ्यावर एका ओळीत त्यांची नावे लिहा, पण मध्ये स्वल्पविराम देऊ नका : बीड, आष्टी, पाटोदा, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, अंबाजोगाई ही एकशब्दी आणि त्यांच्याबरोबर किल्ले धारूर, परळी वैजनाथ, शिरूर कासार ही लोकांच्या तोंडी असलेली पूर्ण नावे. एका मुलाला शेल करा. त्याने अर्थाकडे न पाहता प्रत्येक मोकळ्या जागेवर ओळ तोडायची आणि तुकडे मोजायचे. उत्तर १४ येईल. तालुक्यांची माहितीपुस्तिका बांधणारी स्क्रिप्ट अशीच मोजत असेल, तर ती ‘किल्ले’, ‘वैजनाथ’ आणि ‘कासार’ या नावांचे तालुके शोधत बसेल आणि धारूरच्या पानावर किल्ल्याचा मागमूस नसेल.

आता दुसऱ्या मुलाकडून प्रत्येक नावाभोवती अवतरणचिन्हे घालून घ्या आणि पहिल्याला पुन्हा मोजायला सांगा. मग तिसऱ्याला विचारा : ‘किल्लेधारूर’ असे जोडून लिहिले असते तर चिन्हांची गरज पडली असती का? काही मुले म्हणतील, मग जोडूनच लिहू या. संगणकाच्या सोयीसाठी गावाने आपल्या नावातली जागा बुजवायची, की स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने दोन चिन्हे जास्त घालायची, यावर वर्गात थोडी चर्चा होऊ द्यावी. आमचे मत विचाराल तर, नाव गावाचे आहे. काळजी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने घ्यावी.